ओसरीवरचा चहा, आश्विनाच्या तोंडावर

चिखली, मेहकर, खामगाव, नांदुरा, गाव कुठलंही घ्या. घर रस्त्याला लागून असलं आणि पुढे ओसरी असली की घरात कधी ना कधी विषय निघतोच: आपण इथं चहा ठेवला तर? टपरीला भाडं लागतं, इथं घर आपलं. चहा रोज होतोच, त्यात चार कप वाढवायचे. लगेच कुणीतरी विचारतं, एका कपामागं खरंच किती सुटतात? आणि सुरुवात करायची तर कधी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. बुलढाणा जिल्ह्यात ओसरीवर चहा सुरू करायला दसऱ्याच्या आसपासचे दिवस सगळ्यांत चांगले.

१. दसऱ्याच्या आसपासच का?

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. विदर्भातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. आभाळ मोकळं होतं आणि ऊन थेट ओल्या जमिनीवर पडतं. जमिनीतली ओल हवेत चढते, अंगावरचा घाम वाळत नाही आणि दुपार नकोशी होते. हीच ऑक्टोबर हीट. पण रात्री हेच मोकळं आभाळ उलटं काम करतं. ढगांचं पांघरूण नसल्यामुळे जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते आणि पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. एकाच दिवसात असे दोन ऋतू असतात.

चहा विकणाऱ्याला यातून वेळापत्रक मिळतं. आश्विनात दुपारी बारा ते चार गॅस पेटवून बसण्यात अर्थ नाही. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात, असे सहा तास पुरतात. घरातलं दुसरं कामही त्यामुळे होतं.

जिल्ह्यात सगळीकडे मात्र हे एकाच तारखेला घडत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेनं जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत आणि लोक बोलतातही तसंच, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे, तिथं गारवा लवकर येतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव पूर्णेच्या खोऱ्यात, बरेच खाली. तिथं दुपारचा उकाडा रेंगाळतो. घाटावर कोजागिरीनंतर दुपारचा चहाही हळूहळू खपू लागतो, घाटाखाली त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबलेलं बरं.

दुसरं कारण शेतातलं आहे. सोयाबीनची सोंगणी याच दिवसांत येते. गुत्त्यानं सोंगणी घेतलेल्या टोळ्या उजाडायच्या आत निघतात, कारण ऊन चढल्यावर शेंगा तडकतात आणि दाणे रानात सांडतात. पाठोपाठ कापसाची पहिली वेचणी लागते. पहाटे निघालेल्या माणसाला घरी चूल पेटवायला वेळ नसतो. रस्त्यावरच्या ओसरीत वाफाळता चहा आणि दोन टोस्ट मिळाले तर तो थांबतो. त्याच सुमाराला बाजार समितीत माल जायला लागतो आणि गावात रोकड फिरू लागते. श्रावण-भाद्रपदात जो उधारीवर पितो, तोच आश्विनात रोख देतो.

तिसरं कारण दुधाचं. म्हशी बहुतांश पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यात पावसानंतर हिरवा चारा भरपूर असतो. त्यामुळे शरदापासून गावातलं दूध वाढत जातं आणि उन्हाळ्यात आटतं. चहाच्या कपातला सगळ्यांत महाग घटक दूध. तो वाढत्या काळात सुरुवात करणारा दूधवाल्याशी चांगला भाव बोलू शकतो. चैत्रात सुरुवात करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात टंचाईला तोंड द्यावं लागतं.

२. आधी पाणी चाखा

नवीन चहावाला सगळ्यात आधी मसाल्याचा विचार करतो. माझं म्हणणं, आधी पाण्याचा करा. बुलढाणा जिल्ह्यात तर नक्कीच करा, कारण इथं तालुका बदलला की पाणी बदलतं.

पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा जातो. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतल्या कित्येक गावांत बोअरचं पाणी खारं लागतं. घाटावर काळ्या खडकातल्या विहिरी. तिथलं पाणी खारं नसतं, पण पुष्कळदा जड असतं. खारं आणि जड हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ओळखायची सोपी रीत म्हणजे साबण. फेस येत नसेल तर पाणी जड. अशा पाण्याचा कोरा चहा करून पाच मिनिटं ठेवला तर वर तपकिरी, किंचित चमकणारी साय धरते. चहातली द्रव्यं, पाण्यातला चुना आणि हवेतला प्राणवायू यांच्या संयोगानं ती तयार होते. रंग मळकट दिसतो आणि चव बोथट होते. मग लोक पत्ती वाढवतात, दोष असतो पाण्याचा. या जडपणाचा मोठा भाग उकळल्यावर खाली बसतो. भांड्याच्या बुडाला धरणारा पांढरा थर तोच. म्हणून रात्री पाणी पाच मिनिटं खळखळ उकळून झाकून ठेवा आणि सकाळी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. तळाचं दोन बोटं पाणी भांडी विसळायला वापरा.

खाऱ्या पाण्याला हा उपाय चालत नाही. त्यातलं मीठ उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते जास्त खारट होतं. खारपाणपट्ट्यात चहापुरतं नळाचं गोडं पाणी भरून ठेवा, नाहीतर फिल्टरचा जार विकत घ्या. रोज साठेक कपांच्या चहाला तीन लिटरांच्या आत पाणी लागतं. वीस लिटरांच्या एका जारात आठवडा निघतो. एवढ्या खर्चात चव सुधारत असेल तर तो करावाच.

एक प्रयोग जरूर करून पाहा. कोऱ्या चहाचे तीन ग्लास भरा. एकात लिंबाचे चार थेंब पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका, तिसरा तसाच ठेवा. लिंबाचा चहा पिवळसर होईल, सोड्याचा काळपट तांबडा. चहातली रंगद्रव्यं आंबट पाण्यात फिकी पडतात आणि अल्कधर्मी पाण्यात गडद होतात. लोणारच्या सरोवराचं पाणी अल्कधर्मी म्हणून प्रसिद्ध आहे, त्याच जातीचा गुण चिमूटभर सोड्यानं ग्लासात येतो. काही ठिकाणी कमी पत्तीत गडद रंग यावा म्हणून चहात सोडा टाकतात. रंग येतो, पण सुगंध मरतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. हा मार्ग धरू नका. गिऱ्हाइकाला कारण सांगता येत नाही, पण तो दुसऱ्या दिवशी येत नाही.

गिऱ्हाइकाला चहाआधी पाण्याचा ग्लास लागतोच. पावसाळ्यानंतर विहिरी तुडुंब असतात, पण वरून वाहून आलेली घाणही त्यांत उतरलेली असते. चहाचं पाणी उकळतं, ग्लासातलं नाही. ते पाणी आधी उकळून गार करा किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाका. सोंगणीच्या ऐन दिवसांत तुमच्या ओसरीवरून कुणी पोट बिघडवून घेऊन गेलं तर त्याची मजुरी बुडते. ही जबाबदारी चवीपेक्षा मोठी आहे.

३. दूध का उतू जातं आणि का फाटतं

पाणी उकळताना वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश असतात. तापताना ते वर जमून साय धरते आणि ती गोधडीसारखी सगळ्या पृष्ठभागावर पसरते. खालून येणारी वाफ तिच्याखाली कोंडते, फेस चढत जातो आणि एका क्षणी सगळंच वर येतं. पळीनं ढवळलं की गोधडीला वाट फुटते आणि वाफ सुटते. मोठ्या तोंडाचा गंज वापरा आणि निम्म्याच्या वर भरू नका.

फाटण्याची गोष्ट वेगळी आहे. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन. दूध आंबट झालं की ते गोळा होतं. आश्विनाच्या दुपारी दूध उघड्यावर राहिलं तर जिवाणू भराभर वाढतात. चवीला ते ठीक लागतं, तापवल्याबरोबर मात्र फाटतं, कारण थोडा आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की केसीन तग धरत नाही. म्हणून दूध आल्या आल्या तापवा, भांडं पाण्याच्या परातीत ठेवून लवकर गार करा आणि मगच फ्रिजमध्ये टाका. संध्याकाळचा पहिला चहा टाकण्यापूर्वी पळीभर दूध वेगळं उकळून बघा. फाटलं तर पळीभरच जाईल, पूर्ण गंज वाचेल.

ताजं दूध असूनही चहा फाटतो तेव्हा संशय अद्रकावर घ्या. कच्च्या अद्रकात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. कोमट ते गरम दुधात, साठ-सत्तर अंशांच्या आसपास, ते जोरात काम करतं आणि उकळीला निकामी होतं. म्हणजे दुधात अद्रक किसून ते हळूहळू तापवलं तर त्या विकराला हवा तेवढा वेळ मिळतो. अद्रक आधी पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटं खळखळ उकळू द्या, दूध नंतर घाला. दूधही तापलेलं असावं. एवढ्यानं प्रश्न मिटतो.

दूध चहात नेमकं काय करतं हेही समजून घ्या. पत्तीतली तुरट द्रव्यं जिभेला कोरडेपणा आणतात. केसीन त्यांना धरून ठेवतं, म्हणून दुधाचा चहा गुळगुळीत लागतो. म्हशीच्या दुधात साधारण सहा-सात टक्के स्निग्धांश, गाईच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. त्यामुळे म्हशीच्या दुधात पाणी थोडं जास्त चालतं. गाईच्या दुधात तेवढंच पाणी घातलं तर गिऱ्हाईक म्हणेल, चहा पातळ झाला. दूधवाल्यानं मधेच दूध बदललं तर तुमचं मापही त्याच दिवशी बदललं पाहिजे.

४. पत्ती

आपण जी दाणेदार पत्ती वापरतो ती सीटीसी. १९३० च्या दशकात आसामात ही यंत्रं आली. पानं दातेरी रुळांमधून चिरडली, फाडली आणि वळवली जातात आणि त्यांचे बारीक दाणे होतात. दाणा बारीक असल्यामुळे अर्क लवकर उतरतो, रंग दाट येतो आणि एका किलोत पुष्कळ कप होतात. दुधासाखरेचा चहा गावोगाव परवडू लागला त्यात या दाण्याचा वाटा मोठा आहे. त्याआधी चहा ही शहरी आणि काहीशी संशयाची वस्तू होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं आणि रानडे-टिळकांसारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात सापडावं लागलं. आज त्याच चहावर ओसरीत बसून एखादी बाई आपल्या मुलांच्या शाळेचा खर्च काढते, याचं मला फार मोल वाटतं.

पत्तीला तीन-चार मिनिटांची उकळी पुरे. त्यानंतर रंग फारसा वाढत नाही, तुरटपणा वाढतो. घाटावर पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, तिथं अर्धा मिनिट जास्त द्यावा. केलेला चहा पुन्हा पुन्हा उकळू नका. एकेका लिटरचा घाणा करा, गाळा आणि स्टीलच्या थर्मासमध्ये भरा.

५. एका कपाचा हिशेब

आता मूळ प्रश्न. खालचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत, तुमच्या गावचे घालून हीच बेरीज पुन्हा करा.

समजा एका घाण्याला ६०० मिली दूध आणि ५०० मिली पाणी घेतलं. दूध ६० रुपये लिटरनं ३६ रुपये. पत्ती २५ ग्रॅम, ४४० रुपये किलोनं ११ रुपये. साखर ८० ग्रॅम, सुमारे ४ रुपये. अद्रक-विलायची ३ रुपये, गॅस ३ रुपये. एकूण ५७ रुपये. थोडा चहा वाफेत जातो, थोडा पत्ती शोषून घेते, हाती सुमारे ९६० मिली येतो. ८० मिलीचा कप धरला तर १२ कप. म्हणजे एक कप ४ रुपये ७५ पैशांना पडला. १० रुपयांना विकला तर सव्वापाच सुटतात.

दिवसाला ६० कप गेले तर पाच घाणे, खर्च २८५, विक्री ६००, हातात ३१५.

आता नीट बघा. तुमचा हात सैल आहे आणि कपात ८० च्या जागी १०० मिली जातो. डोळ्यांना फरक जाणवतही नाही. पण त्याच घाण्यात आता १२ ऐवजी साडेनऊच्या थोडे वर कप होतात आणि कप सुमारे ५ रुपये ९४ पैशांना पडतो. ६० कपांचा खर्च ३५६ वर जातो. ७१ रुपये रोज, महिन्याला दोन हजारांवर, नुसत्या हाताच्या सैलपणात गेले. माप ठेवायला लाजू नका. एकच आकाराचे काचेचे ग्लास घ्या आणि कुठल्या रेघेपर्यंत भरायचा ते ठरवा. मोठा कप हवा असेल त्याला द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या.

गॅसचंही असंच. एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढंच पाणी वाफ करून उडवायला तिच्या सातपट लागते. गिऱ्हाईक येईल म्हणून मंद आचेवर चहा खदखदत ठेवला की तुम्ही विकत घेतलेला गॅस आणि विकत घेतलेलं दूध दोन्ही हवेत सोडता.

राहिलेल्या ३१५ मधून टोस्टचा तोटा, फुटलेला ग्लास, न खपलेला अर्धा घाणा वजा करा. अर्धा घाणा ओतावा लागला तर साडेअठ्ठावीस रुपये गेले, म्हणून संध्याकाळी सातनंतर पूर्ण घाणा टाकू नये. आणि शेवटी सहा तासांनी भागा. तासाला पन्नास-बावन्न रुपये पडतात. हा भागाकार बहुतेक घरांत केलाच जात नाही. घरचीच बाई करते म्हणून तिची मेहनत शून्य धरतात आणि सगळा पैसा नफा समजतात. माझा याला ठाम विरोध आहे. तिच्या वेळेचा दर वहीत वेगळा लिहा. पुढच्या शेतात त्याच सहा तासांची मजुरी जास्त मिळत असेल तर ते तिला दिसलं पाहिजे. तरीही ती ओसरी निवडेल, कारण उन्हात वाकायचं नाही आणि लेकरं डोळ्यांसमोर राहतात. पण निवड डोळे उघडे ठेवून झाली पाहिजे.

उधारीची वही वेगळी. नाव, तारीख, कप, आणि फेडीची तारीख बोलून घेतलेली. "सोयाबीन विकल्यावर देतो" ही तारीख नव्हे. सोयाबीनचा भाव पडला की माल घरातच थांबतो आणि तुमचे पैसेही थांबतात.

६. कागदपत्रं

घरातून विकलं तरी तो अन्नव्यवसायच असतो. अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, नोंदणीचे नियम २०११ चे. त्या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यावसायिकासाठी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये फी ठेवली. आजची मर्यादा आणि फी अर्ज भरताना पाहून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. वेगळी परवानगी लागते का, ते ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत विचारून घ्या. आणि घरगुती गॅस सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. स्वयंपाकाचा १४.२ किलोचा वेगळा, धंद्याचा १९ किलोचा वेगळा. वरच्या हिशेबात गॅस धंद्याच्या भावानंच धरला आहे.

७. सणांचे दिवस

नवरात्रात उपवास करणारे जेवण सोडतात, चहा सोडत नाहीत. पहाटे देवीला जाऊन येणारे, देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला निघालेले, शेगावची पायी वाट धरलेले, हे सगळे सकाळीच भेटतात. या नऊ दिवसांत उपवासाचा पदार्थ ठेवायचा तर एकच ठेवा, शेंगदाण्याचा लाडू. तो टिकतो. साबुदाण्याची खिचडी दोन तासांत चिवट होते आणि उरली तर फेकावी लागते.

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात घरोघर भुलाबाई बसते. संध्याकाळी मुली गाणी म्हणतात आणि मग खाऊ ओळखायचा खेळ होतो. ज्या घरी भुलाबाई बसली तिथल्या आईला रोज नवा खाऊ सुचवणं अवघड जातं. ओसरीवर डब्यात चार प्रकार ठेवले तर ती आनंदानं घेते, आणि गल्लीतल्या बायकांची तुमच्या ओसरीशी ओळख इथूनच सुरू होते. टपरीवर त्या कधी थांबत नाहीत.

कोजागिरीचं मसाला दूध विकायचं असेल तर मागणी आठ दिवस आधी लिहून घ्या आणि आगाऊ रक्कम घ्या. त्या रात्री गावातलं सगळं दूध बोललेलं असतं, ऐनवेळी भाव चढा लागतो. दूध आटवायचं आहे हेही हिशेबात धरा. पाच लिटरचं चार लिटर झालं तर ६० चं दूध आटून ७५ ला पडलं, त्यावर साखर, बदाम, विलायची आणि गॅस.

दिवाळीत घरी फराळ असतो, सोंगणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेलेल्या असतात, वेचणीही दोन दिवस थांबते. लक्ष्मीपूजन आणि पाडव्याला ओसरी बंद ठेवा आणि तसं चार दिवस आधी खडूनं भिंतीवर लिहा. दूधवाल्यालाही आठवडाभर आधी सांगा, नाहीतर रतीब येऊन पडेल आणि पाडव्याच्या सकाळी चार लिटर दुधाचं करायचं काय, हा प्रश्न उरेल.